होडीच्या मोटरला जुनी बॅटरी जोडताय? आधी हे तपासा

छोट्या होडीच्या इलेक्ट्रिक मोटरसाठी सेकंडहँड बॅटरी स्वस्त पडते. पण ऐन ओहोटीत ती खाडीत बंद पडली तर?

कारची बॅटरी टाळा. ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा करंट देते. इथे तासन्‌तास पुरणारी डीप-सायकल बॅटरी लागते.

पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मात्र त्यावरून क्षमता कळत नाही. किनाऱ्यावरच लोड देऊन वेळ मोजा. 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीची क्षमता निम्मी उरली असेल, तर 25 अँपिअर घेणारी मोटर दोन तासही चालणार नाही.

चार्जिंग हवेशीर जागीच करा. त्यावेळी हायड्रोजन निघतो. ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

आणि होडीत वल्हे ठेवाच.