सांध्याचा आजार: माणसाचा आणि बैलाचा

बैलाच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेल्या गुडघ्यासारखा दिसतो, तो शरीररचनेच्या दृष्टीने घोटा असतो; त्यातील लहान हाडांना गुल्फास्थी म्हणतात. माणसाच्या एका पायात अशी 7 हाडे असतात, तर गाय-बैलांत काही हाडे एकमेकांत मिसळल्यामुळे त्यांची संख्या 5 भरते. या सांध्याची बहुतेक हालचाल वरच्या भागात होते आणि खालचे थर मुख्यतः धक्के पेलतात; म्हणूनच घोड्यांमधील स्पॅव्हिन हा आजार, ज्यात कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण झिजून नवे हाड वाढते, प्रामुख्याने या खालच्या थरांतच आढळतो.

पवारांच्या धार आणि देवास या जुन्या संस्थानांच्या माळवा प्रदेशात ओढकामासाठी प्रसिद्ध असलेली माळवी गोवंशाची जात आढळते, त्यामुळे बैलांच्या सांध्यांचा हा विषय तेथील शेतीशी जोडलेला आहे. धार जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने त्याला आणखी एक बाजू आहे. दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास फ्लोराइड हाडांत साठते, हाडे घट्ट पण ठिसूळ होतात आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, चुनखडीसारखे कडक होतात. हाडांच्या या आजारामुळे, म्हणजे फ्लोरोसिसमुळे, माणसांचे सांधे आखडतात आणि गुरे लंगडतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास ही मर्यादा 1.5 मिलिग्रॅम धरली जाते. अस्थींतील बिघाड पूर्णपणे उलटवता येत नसल्यामुळे पाण्याची तपासणी करून माणसांसाठी आणि गुरांसाठीही सुरक्षित पाणी वापरणे, हाच खरा उपाय होय.