वृक्क-बायोप्सीची श्रेणी : किती निश्चित, किती सापेक्ष?

जीर्ण वृक्करोगाचे रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सेसाठी येतात ते बहुधा तपासण्यांची फाईल घेऊनच. तीत बायोप्सीचा अहवाल असल्यास तो आपण क्रिएटिनिनच्या आकड्याइतकाच निश्चित मानतो. वस्तुतः तो यंत्राने दिलेला आकडा नसून एका तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकातून केलेली दर्शनपरीक्षा आहे. तीच काचपट्टी दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिल्यास तोच निष्कर्ष निघेल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आयजीए नेफ्रोपॅथी या व्याधीत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड वर्गीकरणासाठी २६५ रुग्णांच्या बायोप्सी अनेक देशांतील पॅथॉलॉजिस्टांनी वाचल्या. विकृती निवडताना तिचा रोगाच्या गतीशी असलेला संबंध तर पाहिलाच. शिवाय वाचकांमध्ये तिच्याविषयी पुरेसे एकमत होते काय, हेही पाहिले. मेसँजियममधील पेशीवृद्धी, केशिकांतील पेशीवृद्धी, ग्लोमेरुलसचे खंडशः काठिण्य आणि नलिकांचा शोष व तंतूमयता या चार विकृती अशा रीतीने निश्चित झाल्या. त्यांची आद्याक्षरे एम, ई, एस व टी. २०१७ साली चंद्रकोरीच्या आकाराच्या विकृतींसाठी ‘सी’ हे अक्षर त्यांत जोडले गेले.

एकमत मोजताना केवळ शेकडेवारी फसवी ठरते. समजा, शंभर बायोप्सींपैकी नव्वदांत विकृती ‘आहे’ असे दोन्ही तज्ज्ञ म्हणतात. त्यांनी काच न पाहता केवळ या प्रमाणात उत्तरे दिली असती, तरी योगायोगानेच सुमारे ८२ ठिकाणी ती जुळली असती. प्रत्यक्षात ८८ जुळली, तर खरी कमाई थोडीच. हा योगायोगाचा भाग वजा करणारे ‘कॅपा’ हे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडले. वरील उदाहरणात ते अवघे ०.३३ येते, पूर्ण एकमत असल्यास ते १ असते.

युरोपातील १३ देशांच्या ११४७ रुग्णांवर झालेल्या ‘व्हॅलिगा’ अभ्यासात स्थानिक पॅथॉलॉजिस्टांचे गुणांकन आणि केंद्रीय वाचन यांची तुलना करण्यात आली. नलिकाशोषाबाबत एकमत सर्वांत चांगले आढळले. ग्लोमेरुलसमधील विकृतींबाबत ते कमी होते, आणि स्थानिक वाचनात त्या अधिक प्रमाणात नोंदल्या गेल्या होत्या. याचे कारण उघड आहे. नलिकाशोष विस्तृत क्षेत्रावर मोजला जातो; उलट एखाद्याच ग्लोमेरुलसमधील सूक्ष्म बदल ‘आहे’ की ‘नाही’ हे ठरवताना छेदाची जाडी, रंजनद्रव्य आणि पाहणाऱ्याचा अनुभव या सर्वांचा प्रभाव पडतो. नमुना अपुरा असल्यास ही अडचण वाढते. म्हणूनच या वर्गीकरणात किमान आठ ग्लोमेरुलस असलेली बायोप्सी अपेक्षित आहे.

हा भेद रुग्णाच्या दृष्टीने केवळ शास्त्रचर्चेचा नाही. स्टेरॉइड द्यावे की नाही, याचा विचार अशा निष्कर्षांच्या आधारे होऊ शकतो. आपल्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा. चिकित्सेपूर्वीची बायोप्सी एकाने आणि नंतरची दुसऱ्याने वाचली असेल, तर श्रेणीतील ‘सुधारणा’ ही औषधाची की वाचकाची, हे सांगता येत नाही. अशा वेळी दोन्ही काचपट्ट्या एकाच तज्ज्ञाकडून, आणि शक्यतो कोणती आधीची हे त्यास न सांगता, एकत्र वाचून घ्याव्यात. अहवालात ग्लोमेरुलसची संख्या किती दिली आहे, हेही प्रथम पाहावे. मूत्रातील प्रथिने, रक्तदाब व क्रिएटिनिनचा क्रम यांच्याशी ताडून पाहिल्याविना केवळ श्रेणीवर साध्यासाध्यत्व ठरवू नये.

मतभेद मोजले, यात त्या शास्त्राचा कमीपणा नाही. त्यामुळेच कोणत्या निष्कर्षावर अधिक विसंबावे, हे कळू लागले. हीच कसोटी आपण नाडीपरीक्षेस व प्रकृतिनिश्चितीस लावावयास हवी. एकाच रुग्णाची दोन वैद्यांनी परस्परांस न कळविता परीक्षा करावी, निष्कर्ष लिहून ठेवावेत व मग ताडून पाहावेत. त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. एक वही आणि मतभेद नोंदविण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.