फौजेचे मन मोडते तेव्हा

१६८१ च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो पुन्हा उत्तरेस परतलाच नाही. १७०७ साली अहमदनगरास त्याचा अंत झाला. बादशहाचा निश्चय अखेरपर्यंत टिकला, परंतु त्याच्या फौजेचे मन फार आधीच मोडले होते.

साताऱ्याचा वेढा पाहावा. एप्रिल १७०० मध्ये तटाखाली उडविलेला सुरुंग उलटला. बुरूज बाहेरच्या अंगास कोसळून, हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले सुमारे दोन हजार मोगली लोक दगडामातीखाली गाडले गेले. सोबत्यांची प्रेतेही कोणी उकरून काढीना, तेव्हा पायदळातील हिंदू शिपायांनी रात्री आपल्याच लाकडी मोर्चांस आग लावून दिली. मेलेल्यांस अग्निसंस्कार झाला, आणि वेढ्याच्या सामानासही! गड लवकरच हाती आला खरा, पण काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला. असल्या गडापायी शिपायाने जीव का द्यावा?

पगार तर वर्षानुवर्षे थकलेले. जहागिरीची सनद हाती असे. वसूल मात्र मराठे नेत. तंबूत जन्मलेल्या पिढीस घर ठाऊकच नव्हते, असे त्या छावण्यांतून हिंडलेला भीमसेन सक्सेना नोंदवितो. एका सरदाराने तर वर्षभर दिल्लीस जाऊ द्यावे म्हणून बादशहास लाख रुपये देऊ केले होते म्हणतात.