जुन्या ट्रकचे इंजिन घरी बांधावे का?

अमेरिकेत १९४७ ते १९५३ या काळातल्या शेव्हरोलेटच्या हलक्या ट्रकमध्ये सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन असे. तिथले हौशी लोक ते घरीच खोलून नव्याने बांधू पाहतात. पण पाना हातात घेण्याआधी एक साधा प्रयोग करू. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून स्टार्टरने इंजिन फिरवायचे. एखाद्या सिलिंडरात दाब कमी भरला, तर आत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे. आता दाब वाढला, तर गळती दट्ट्याच्या रिंगांतून होती; तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही, तर बहुधा व्हॉल्व नीट बसत नाही. व्हॉल्व घासून बसवणे घरी जमते. झिजलेला सिलिंडर बोअर करायला मात्र यंत्रशाळाच हवी.

खरी गोम बेअरिंगांत आहे. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट हा कथलाचा मऊ मिश्रधातू थेट ओतलेला असतो. थोडी झीज झाली, तर जोडातली कागदासारखी पातळ पट्टी काढून ढिलेपणा घालवता येतो. बॅबिटला तडे गेले, की ओतकाम जाणणारा कारागीर शोधणे आले, आणि असे कारागीर आता थोडेच आहेत. तसेच चालवले तर क्रँकशाफ्टही हातचा जातो! १९५४ पासूनच्या ट्रक इंजिनांत बदलता येणारी सुटी बेअरिंगे आली. म्हणून आपण आधी खालचे तेलपात्र उतरवून बॅबिट पाहू; बाकीचे नंतर ठरवू.