एका पडद्यावर दोन चालक

२९ जुलै २०२३, शनिवार. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, दहा बाय दहाच्या एका खोलीपुढे सकाळी आठपासूनच रांग लागली होती. पीक विम्याचा अर्ज भरायची मुदत सोमवारी, ३१ तारखेला संपायची होती. शेतकऱ्याचा हिस्सा त्या वर्षी राज्य सरकारने एक रुपयावर आणला होता. (ही सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली.) त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी विमा काढला नव्हता, तेही सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आले होते. आणि आत सेवा केंद्र चालवणारा मुलगा काळ्या पडद्यापुढे डोकं धरून बसला होता.

संगणक चालू होता. पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता, फक्त दिसत काही नव्हतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने निदान केलं, "बापू, रातच्याला लाइट कमी-जास्त झाली असंल." आपल्याकडे हे निदान सहसा चुकत नाही. म्हणून मुलाने स्टॅबिलायझर बदलला. मग शेजारच्या शाळेतून मॉनिटर मागून आणला. त्यावरही तेच. तरीही खात्री पटेना, म्हणून मोटारसायकलवर जिंतूर गाठून उधारीवर नवा कोरा मॉनिटर आणला. तोही काळाच! दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, "सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागंल, मंगळवारी येतो." मंगळवारी म्हणजे मुदत संपल्यावर.

त्यानंतर त्याने मला फोन केला. काही वर्षांपूर्वी परभणीला तो माझ्या संगणकाच्या वर्गात होता, एवढीच आमची ओळख. "सर, सकाळपासून असंच करायलंय. काहीच दिसंना गेलंय."

मी एकच प्रश्न विचारला. बटण दाबल्याबरोबर सुरुवातीला कंपनीचं नाव दिसतं का?

"दिसतंय की. नाव येतंय, ते गोल गोल फिरतंय, अन् मग अंधार."

म्हणजे मॉनिटर ठीक, केबल ठीक, वीजही ठीक. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आता संगणक आहे, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. बटण दाबल्यावर पहिलं चित्र उमटतं ते यंत्राच्या अंगच्या, कारखान्यात भरून दिलेल्या सूचनांवर. तोवर विंडोजचा ड्रायव्हर जागाही झालेला नसतो. त्या पहिल्या चित्रातच रेघा, ठिपके किंवा अंधार असेल तर दोष हाताला लागणाऱ्या वस्तूत शोधावा: वायर, मॉनिटर, कार्ड. पहिलं चित्र स्वच्छ आणि विंडोज उघडताना बिघाड, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. दुसरी एक युक्ती आहे. पडद्यावर रेघा दिसत असताना प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून ते चित्र मोबाइलवर पाठवावं. तिथे रेघा दिसल्या नाहीत तर बहुधा मॉनिटर किंवा केबल दोषी. एवढ्या दोन चाचण्या केल्या असत्या तर त्या दिवशीची जिंतूरची फेरी वाचली असती.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण? विंडोज म्हणतं "इथे अक्षर काढ", पण प्रत्येक कार्डाची बोली वेगळी. मधला दुभाष्या तो ड्रायव्हर. तो अगदी आतल्या खोलीत बसलेला असतो, आणि त्यालाही कारण आहे. विंडोज एनटीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चित्राच्या ड्रायव्हरला माजघरात प्रवेश नव्हता. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेग वाढावा म्हणून त्याला थेट आत घेतलं. वेग वाढला खरा. पण आत बसलेल्याने घोळ घातला की सगळं घर खाली बसू लागलं. २००७ साली विस्टा बाजारात आली तेव्हा त्याचा बराचसा भाग पुन्हा बाहेर काढला, आणि चित्रयंत्र दोन सेकंदांत उत्तर देईना तर फक्त त्याला नव्याने उठवायची सोय केली. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो याच सोयीमुळे. एवढं करूनही काय झालं? विस्टाबाबत अमेरिकेत जो खटला चालला, त्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत कागद उघड झाले. २००७ मधल्या नोंदलेल्या बंद पडण्याच्या प्रकारांपैकी २८.८ टक्के त्यांत एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते.

गंमत अशी की, विस्टाने एक कडक नियमही केला होता. नव्या पद्धतीचा चित्राचा ड्रायव्हर एका वेळी एकच. दोन कंपन्यांची दोन कार्डं लावाल तर त्यांतलं एक गप्प बसेल. लोक चिडले आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये हा नियम सैल झाला. मला विचाराल तर तो नियम अगदीच वेडगळ नव्हता. एका बैलगाडीवर दोन धुरकरी बसले तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

जिंतूरकडे नेमकं हेच झालं होतं. मुलाने संगणक जुन्या बाजारातून घेतलेला. त्याच्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग मुळातच होता, शिवाय विकणाऱ्याने वर एक जुनं ग्राफिक्स कार्ड खोचून किंमत वाढवलेली. दोन्ही एकाच कंपनीची, पण दोन पिढ्यांची. अशा वेळी दोघांचे ड्रायव्हर काही फायली एकाच नावाने ठेवतात. शुक्रवारी रात्री संगणकाने आपणहून आतल्या भागासाठी नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. त्याने जुन्याच्या फायलींवर आपल्या फायली बसवल्या, आणि सकाळी मॉनिटर मात्र जोडलेला होता जुन्या कार्डाला. भाऊबंदकीचाच प्रकार हा. सातबारा एक, नावं दोन!

अशा वेळी लोक आणखी एक ड्रायव्हर टाकून पाहतात, किंवा 'सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत' करणारा फुकट प्रोग्राम आणतात. म्हणजे भांडणात तिसरा. माझं मत उलट आहे. आधी सगळ्यांना बाहेर काढावं, मग एकालाच आत घ्यावं.

मी सांगत गेलो, तो करत गेला. आधी इंटरनेट तोडलं, नाहीतर काढलेला ड्रायव्हर यंत्र पुन्हा ओढून आणतं. विंडोज ८ पासून सेफ मोडसाठी एफ ८ ची जुनी कळ एरवी चालत नाही. म्हणून गोल फिरू लागताच पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करायचं, असं दोन-तीनदा. मग दुरुस्तीचा निळा पडदा येतो, आणि तिथून स्टार्टअप सेटिंगमध्ये ४ दाबलं की सेफ मोड. त्यात कुठल्याच कंपनीचा ड्रायव्हर नसतो, विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर काम करतो. हे ओबडधोबड चित्र १९८७ च्या व्हीजीएची आठवण करून देतं, पण भरवशाचं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणंही दाखवायला सांगितल्यावर डिस्प्लेखाली दोन नावं दिसली. दोन्ही काढली, आणि काढताना 'ड्रायव्हरही पुसा' या चौकटीत खूण केली. ही खूण राहून गेली तर पुढच्या वेळी जुनाच गडी परत हजर होतो.

मग यंत्र बंद, विजेची वायर बाहेर, आणि ते जुनं कार्डच खोबणीतून काढून टाकलं. अर्ज भरायला कसलं आलंय ग्राफिक्स कार्ड! केबल मागच्या मूळ खाचेत लावली. पडदा उजळला. अक्षरं जाडजूड, बाजू ताणलेली, पण माणसाला वाचता येतील अशी. अंगठ्याचं यंत्र चालू होतं, इंटरनेट जोडता येत होतं. आता चित्रयंत्र एकच उरल्यामुळे विंडोजने आपणहून ड्रायव्हर आणला तरी बिघडणार नव्हतं. बाराच्या सुमारास पहिला अर्ज गेला. विंडोज पुसून टाकलं असतं तर अंगठ्याच्या यंत्राच्या नोंदणीपासून सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

"बनी तो बनी, नहीं तो परभनी" असं आपल्या गावाला निजामाच्या काळापासून हिणवतात. त्या दिवशी फोनवर मुलगाच हसून म्हणाला, "बनी, सर."

त्या वर्षी मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली. पण शनिवारी रांगेत उभ्या असलेल्यांना ते कुठे ठाऊक होतं? खोक्यातला थर्माकोल फाटल्यामुळे उधारीचा मॉनिटर दुकानदाराने परत घेतला नाही. तो आता त्याच संगणकाला, त्याच एका ड्रायव्हरवर, रांगेकडे तोंड करून लावलेला आहे. अर्ज भरताना शेतकरी त्यात आपलं नाव आणि गट नंबर स्वतः वाचून पाहतात. पहिल्याच आठवड्यात दोघांनी चुकीचा गट नंबर वेळीच पकडला.