रेल्वे नसलेल्या गावातला हिरवा कंदील

भूमला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर बार्शी नाहीतर धाराशिव गाठावे लागते. तरीही पाणीपुरवठ्याच्या एखाद्या योजनेला मंत्रालयातून मंजुरी मिळाली की ‘योजनेला हिरवा कंदील’ हा मथळा भूमच्या वाचकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत याच अर्थी ‘ग्रीन लाइट’ म्हणतात, आणि तेही रेल्वेच्या सिग्नलवरूनच आले. मराठीने मात्र त्यातला दिवा तेवढा न उचलता गार्डाच्या हातातला कंदील उचलला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली; त्या मार्गावर रात्रीची गाडी सुटताना असाच कंदील हलत असे. लाल फितीचेही तेच. इंग्लंडातल्या कचेऱ्यांत सरकारी कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधत, त्यावरून ‘रेड टेप’ आले. आपल्याकडे दप्तर रुमालात बांधायची रीत जुनीच आणि तहसीलच्या फायलींना फीतही होती. सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी खेटे घालून चपला झिजवलेल्या माणसाला ‘लालफितीचा कारभार’ म्हणजे काय हे कोशात बघावे लागत नाही.

पाहिलेली वस्तू असली की वाक्प्रचार रुजतो, असे यावरून म्हणावेसे वाटेल. पण मग ‘हिमनगाचे टोक’ आडवे येते. बालाघाटाच्या डोंगररांगांत पावसाची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हिमनग कोण पाहणार? तरी घोटाळ्याचे एक प्रकरण बाहेर आले की हे शब्द बातमीत हटकून येतात. हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो, एवढे कळले की पुरते, कारण थोडे दिसते आणि बरेच दडलेले असते हा प्रसंग आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. उलट ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ करूनही मराठीत कुणी कुत्र्यामांजरांचा पाऊस पाडला नाही. मुसळधार, धो धो, आभाळ फाटल्यासारखा, हे सगळे आपल्यापाशी होतेच, गरजच नव्हती. म्हणून माझे म्हणणे असे की वाक्प्रचाराला जगवतो तो प्रसंग. वस्तू मदतीला आली तर उत्तमच.

इंग्रजी शिकवताना नेमका हाच प्रसंग आपण गाळतो. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण वाक्प्रचार आजही बहुधा दोन रकान्यांतच भेटतात: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. अर्थ बरोबर आहे, पण शोकसंदेशात तो वापरला तर अनर्थ होईल. ‘गचकला’ आणि ‘देवाज्ञा झाली’ यांतले काय कुठे बोलायचे हे मराठी मुलाला कुणी शिकवत नाही, ते त्याला घरादारात ऐकून येते. ‘किक द बकेट’ हे गचकण्याच्या घरातले आहे, एवढी एक ओळ रकान्यात जोडली तरी मूल सावध होते. ‘मीट वन्स वॉटर्लू’चे उदाहरण याहून बोलके आहे. गाइडात त्याचा अर्थ ‘पराभव होणे’ एवढाच असतो. १८१५ साली वॉटर्लूला हरला तो नेपोलियन, एरवी जिंकत आलेला. म्हणून हा वाक्प्रचार शोभतो तो सतत जिंकणाऱ्याला अखेर भारी पडणारा कुणी भेटतो तेव्हा. आपले ‘पानिपत होणे’ १७६१ च्या लढाईचे. त्यात एका माणसाच्या हारीपेक्षा साऱ्या फौजेची वाताहत आहे. पाच वेळा निवडून आलेला आमदार सहाव्यांदा पडला तर त्याला वॉटर्लू भेटले. पक्षाच्या निम्म्याहून अधिक उमेदवारांची अनामत जप्त झाली तर पक्षाचे पानिपत झाले. हा फरक कळलेला विद्यार्थी दोन्ही भाषांत नेमके बोलेल.

यावर शिक्षक म्हणतील, परीक्षेत अर्थच विचारतात आणि भूमसारख्या गावात इंग्रजी कानावर पडते कुठे? परीक्षेची अडचण खरी आहे, म्हणून यादी टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण प्रसंगासकट कळलेला वाक्प्रचार परीक्षेतही जास्त टिकतो. कानावर पडण्याचे म्हणाल, तर क्रिकेटचे इंग्रजी समालोचन गावोगाव ऐकले जाते. ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीत सापडणे. पावसाने भिजून सुकत आलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा अवचित उसळतो, हे मैदानात खेळणाऱ्या पोराला ठाऊक असते. त्याला अर्थ सांगण्याआधी फलंदाजाचे काय होते ते विचारावे. बाकीचे तोच सांगेल.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीचा: अशा उसनवारीने मराठी बाटते. ‘घेतलेला निर्णय हा दिवसाच्या शेवटी योग्यच होता’ असले वाक्य ऐकले की हा राग मलाही पटतो. ‘शेवटी’ एवढा शब्द पुरत असताना ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’चा दिवस कशाला आणायचा? पण म्हणून हिरवा कंदील विझवायचे कारण नाही. तो मराठीने आपल्या फलाटावरून, आपल्या कामासाठी उचलला आहे.