कोयत्याची कमाई आणि कोर्टातला हिशेब

दिवाळीच्या आसपास गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. अंथरुणं, भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या आणि या सगळ्याच्या वर माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. परभणी जिल्ह्यातल्या या माणसांचं निम्मं वर्ष जड वाहनांच्या संगतीत जातं: कधी त्यात बसून, कधी त्यात ऊस भरून, कधी त्याच रस्त्याने पहाटे फडाकडे चालत. यातल्या एखाद्याच्या पायावरून चाक गेलं तर त्याला किती पैसे मिळतात, आणि ते कसे ठरतात?

कायदा कंजूष नाही, हे आधी सांगायला हवं. त्याचं बरंचसं औदार्य महाराष्ट्रातल्याच एका अपघाताने तपासून घेतलं आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या कडेला उलटून पेट्रोल गळू लागलं. गावकरी जमले आणि चार तासांनी स्फोट झाला. ४६ माणसं गेली, कित्येक भाजली. उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ होता असं कसं म्हणायचं, हा बचाव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. गाडी उभी असो वा उलटलेली, तिच्या वापरातून अपघात उद्भवला असेल तर भरपाई द्यावी लागेल. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मिळणाऱ्या मदतीची तरतूद १९८२ मध्ये कायद्यात आली होती. मृत्यूसाठी तेव्हा ती रक्कम १५ हजार होती.

आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर जखमीसाठी ५० हजार. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही, अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे जातो. चालकाची चूक दाखवून पूर्ण नुकसान मागायचं असेल तर कलम १६६. गावात ‘क्लेम टाकला’ म्हणतात तो हा. इथे एक खाच आहे. अडीच लाख हातात पडतायत म्हणून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ चा दावा तिथेच संपतो. दवाखान्याचं बिल डोक्यावर असलेल्या घराला अडीच लाख मोठेच वाटणार. म्हणून सही करण्याआधी पुढचा हिशेब समजून घ्यावा.

हिशेबाची रीत ठरलेली आहे. मासिक उत्पन्न धरायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. वर्षाची रक्कम काढून वयाप्रमाणे गुणांक लावायचा. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. मग कमावण्याची ताकद जितकी टक्के गेली तितका भाग घ्यायचा. ३५ वर्षांच्या मजुराचं उत्पन्न महिना १२ हजार धरलं आणि ताकद ६० टक्के गेली असं मानलं, तर एकट्या या सदराखाली १९ लाख ३५ हजार होतात. उत्पन्न आठ हजारच धरलं तर १२ लाख ९० हजार. बारा हजार धरून टक्केवारी २५ वर आणली तर आठ लाख सहा हजार. पाय तोच, माणूसही तोच. उपचाराचा खर्च, वेदना, पुढची शस्त्रक्रिया, सांभाळायला लागणारं माणूस हे सगळं यावर वेगळं.

म्हणजे खरी लढाई दोन आकड्यांवर असते. पहिला टक्केवारीचा. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर लिहितात ती शरीराची टक्केवारी. कमाईची टक्केवारी तीच असेल असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात फार स्पष्ट मांडलं. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो सुताराचा किंवा चालकाचा हात असेल तर कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकूही शकते. वाकून ऊस तोडणाऱ्या, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या माणसाचा गुडघा वाकत नसेल, तर दाखल्यावरचे २५ टक्के हे त्याचं नुकसान नव्हे. पण हे कोर्टाला आपोआप कळत नाही. काम कसं करतात ते साक्षीत सांगावं लागतं, डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

दुसरा आकडा उत्पन्नाचा, आणि तिथे ऊसतोड मजूर अगदी उघडा पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, ती घेतो नवरा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते म्हणजे पाचशे ते सातशे रुपये. पण काट्यावरच्या वजनपावतीवर नाव वाहनाचं, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाईचं नाव कुठेच नाही. तिचा हात मोडला तर बुडाली किती कमाई? अर्धा कोयता? खरं तर पूर्ण, कारण एकट्याने कोयता चालत नाही. शिवाय फडावरून आल्यावर चूल, पाणी, लेकरं तिच्याकडेच. २०११ मध्ये बंगळुरूच्या एका हमालाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मजुराकडून उत्पन्नाच्या कागदाची अपेक्षा धरता येत नाही, आणि तीन हजारांऐवजी साडेचार हजार उत्पन्न धरलं. तो आधार आहेच. तरी मुकादमाची साक्ष, वहीची नक्कल, हंगामातल्या पावत्या जोडल्या तर अंदाजाला जागा कमी उरते.

आता ट्रकात वर बसलेल्यांचं. मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वेगळा, गाडीवरचा कामगार वेगळा. ‘प्रवासी’ म्हटलं की विमा कंपनी हात वर करते आणि मजूर उरतो गाडीमालकाच्या मागे. त्यामुळे माणूस त्या गाडीत का होता, हे पहिल्याच जबाबात नेमकं यायला हवं. तो गाडीमालकाचा नोकर असेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा मार्गही आहे. दोन्हींतला एकच निवडता येतो. सरकारी मदत मात्र यापेक्षा वेगळी. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत पडून हिंगोली जिल्ह्यातल्या गुंजच्या सात बाया गेल्या. वसमत तालुक्यातलं हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. शासनाने मदत जाहीर केली. अशी मदत सरकारच्या मर्जीची असते, भरपाई हक्काची. एक मिळाली म्हणून दुसरी सोडायची नसते.

अपघात कोल्हापुरात झाला तरी दावा परभणीच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाकता येतो, कारण राहण्याच्या ठिकाणी दावा करण्याची मुभा कायदा देतो. फार थोड्यांना हे ठाऊक असतं. कित्येक जण ‘तिकडं कोण हेलपाटे घालणार’ म्हणून सोडून देतात. मुदत मात्र सहा महिन्यांची. १९९४ मध्ये काढलेली ही अट १ एप्रिल २०२२ पासून परत आली. हंगामच पाच-सहा महिन्यांचा. दिवाळीनंतर जखमी झालेला माणूस टोळीबरोबर उन्हाळ्यात गावी येतो तोवर मुदत संपत आलेली असते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या अटीवर आहे. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा नियम २०२२ मध्येच आला. तो काटेकोर पाळला तर मुदतीचा हा काच बराच सैल होईल. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

उरला उत्पन्नाच्या पुराव्याचा प्रश्न. ऊसतोड कामगारांची गावपातळीवर नोंद करून ओळखपत्र देण्याचं राज्य सरकारने २०२१ मध्ये ठरवलं. त्या ओळखपत्रावर नवरा आणि बायको दोघांची नावं स्वतंत्र असावीत, मुकादम आणि कारखान्याचं नाव असावं, आणि हंगाम संपताना कारखान्याने प्रत्येकाच्या नावावर तोडलेले टन आणि दिलेली मजुरी त्यात लिहून शिक्का मारावा. काट्यावर टनाची नोंद किलोपर्यंत होतेच. तीच नोंद माणसाच्या नावावर चढवायला नवा कायदा लागत नाही.